पाटीची मागची बाजू

आमच्या घरात स्वयंपाकाच्या खोलीत भिंतीला एक लाकडी पाटी टांगलेली होती. तिच्या एका बाजूवर पांढऱ्या रंगात ‘शांतता पाळा’ असं लिहिलं होतं. पण ती बाजू भिंतीकडे तोंड करून असायची, आणि तेच बरं होतं, कारण शांतता पाळणं आमच्या घरात कुणाच्या बापाला जमलं नसतं. सोलापुरातल्या त्या गल्लीत आमच्या दोन खोल्या होत्या. मागच्या बाजूला पद्मक्कांचे माग पहाटेपासून खडखडायचे, पुढच्या बाजूला सार्वजनिक नळ होता आणि नळावर आमची आई होती. गिरणीचा भोंगा झाला की गल्लीतली माणसं आपापली घड्याळं लावायची, पण आईचा आवाज चढला की भोंगा झाला की नाही हेच कुणाला कळायचं नाही. त्यात थोरला भाऊ सुधाकर तालमीतून आला की उखळात शेंगाची चटणी कुटायला बसायचा. तेल सुटेपर्यंत कुटायची ही सोलापूरची चटणी, तिला बळ लागतं आणि बळाची सुधाकरकडे कमी नव्हती. तो कुटायला लागला की फळीवरची भांडी नाचायची.

अण्णा, म्हणजे आमचे वडील, एका वाचनालयात शिपाई होते. पाटी तिथलीच. नवी आली म्हणून जुनी टाकून देणार होते, ती अण्णांनी मागून आणली. खाकी गणवेश ते स्वतः धुवायचे आणि पितळी तांब्यात निखारे घालून त्याला इस्त्री करायचे. पुस्तकांवरची धूळ झटकता झटकता त्यांना वाचायची सवय लागली होती. मला तर कधी कधी वाटतं, की ते धूळ बेतानंच झटकायचे, कारण कपाट लवकर स्वच्छ झालं तर पुस्तक हातातून सोडावं लागलं असतं. एकदा रद्दीत निघालेलं एक पुस्तक ते घरी घेऊन आले. त्याला ना पुठ्ठा, ना लेखकाचं नाव. माणसानं सगळ्या अंगांनी कसं सुधारावं, असं काहीसं त्यात होतं. अनुक्रमणिकेत सहा प्रकरणं होती: शरीर, बुद्धी, वाणी, कला, घर आणि नाती. पाच प्रकरणं शाबूत होती आणि सहावं वाळवीनं खाल्लेलं होतं. नात्यांबद्दल त्या गृहस्थानं काय लिहिलं होतं ते आमच्या घरात कुणालाच कधी कळलं नाही. अण्णा म्हणाले, ते आपल्या मनानं करू, त्यात काय अवघड हाय.

पाटीची मागची बाजू त्यांनी काळ्या रंगानं रंगवली. उभी चार नावं, आडवे सहा रकाने. रविवारी सकाळी विहारातली वंदना उरकून आल्यावर त्यांनी आम्हाला समोर बसवलं आणि नियम सांगितले. रोज जेवणं झाली की प्रत्येकानं त्या दिवशी काय केलं ते सांगायचं, पण खडूची टीक स्वतः मारायची नाही, ती दुसऱ्यानं मारायची. आणि ज्याचा जो रकाना सगळ्यांत मोकळा दिसेल, पुढचा आठवडा त्यानं त्याच रकान्यात घालवायचा. येतं ते करण्यात काही शौर्य नाही, येत नाही ते करायचं. हे समजावायला त्यांनी आईच्या टोपलीतली कडक भाकरी उचलली. कडक भाकरी करणं म्हणजे चिकाटीचं काम. पातळ थापायची, तव्यावर भाजायची आणि मग चुलीच्या अंगाशी उभी करून फिरवत फिरवत वाळवायची. चारी बाजूंनी आच लागली तर महिनाभर टिकते. अण्णा भाकरी बोटावर फिरवत म्हणाले, “एक कड जरी वली राहिली ना, तर सगळी भाकरी बुरसती. माणसाचं बी तसंच हाय.” आईनं भाकरी त्यांच्या हातातून काढून घेतली, मोडली तर तुमीच खाणार का म्हणून.

मग कुणाची कुठली कड ओली ते ठरवणं सुरू झालं. सुधाकरचं सोपं होतं. दंड-बैठकांत त्याचा हात धरणारा गल्लीत कुणी नव्हता, पण दहावीला तो एकदा आपटला होता आणि पुस्तक दिसलं की त्याला जांभई यायची. त्याला बुद्धी मिळाली. मी नववीत होते. वर्गात पहिला नंबर माझा, पण भरलेली घागर नळापासून घरापर्यंत आणताना मी तीनदा टेकवायची आणि चारचौघांत बोलायची वेळ आली की माझी जीभ टाळ्याला चिकटायची. मला आधी शरीर, मग वाणी, असं ठरलं. आईचं काय, हे सांगायची मात्र कुणाची छाती होईना. शेवटी अण्णा आढ्याकडे बघत म्हणाले, की हिला वाणी द्यावी असं माझं मत हाय. आईनं विचारलं, माझ्या तोंडाला काय झालंय? तिनं ते ज्या आवाजात विचारलं त्यातच उत्तर होतं.

पुढचे काही महिने आमच्या घरात जी मजा झाली ती आठवून मला अजून हसू येतं. वाणीच्या पहिल्या आठवड्यात आई नळावर गेली आणि पुढं घुसणाऱ्या बाईला म्हणाली, घे की गं बाई आधी तू, मला काय घाई न्हाय. त्या बाईच्या हातातली घागरच सुटली. संध्याकाळी पद्मक्का तेलुगू-मराठीत काळजी करत काढा घेऊन आल्या. आईला ताप आहे अशी बातमी गल्लीभर पसरली होती. सुधाकर रोज वर्तमानपत्राचं एक पान मोठ्यानं वाचायचा. शोकसंदेश आणि गाय हरवल्याची जाहिरात दोन्ही तो कुस्ती पुकारल्यासारखा एकाच जोशात वाचायचा. मी पहाटे त्याच्याबरोबर तलावाकडे पळायला जायची. पहिल्या दिवशी पिठाच्या गिरणीच्या कोपऱ्यावरच माझा दम संपला आणि तिथल्या पायरीवर बसून मी रडले. सुधाकर टॉवेल खांद्यावर टाकून उभा राहिला आणि म्हणाला, उद्या हितनं पुढं विजेच्या खांबापर्यंत जाऊ, परवा पुढच्या खांबापर्यंत. असे खांब मोजत मोजत एक दिवस मी तलावाचं पाणी बघितलं. माझी भाकरी महाराष्ट्राच्या नकाशासारखी व्हायची, आणि वाणीचा आठवडा असल्यामुळे आई गोड आवाजात म्हणायची, लई छान झाली बाळा, आता हिची कुटली बाजू वर धरायची तेवढं सांग.

माझ्या लेकीनं मागच्या वाढदिवसाला मला मनगटावर बांधायचं एक घड्याळ दिलं. ते माझी पावलं मोजतं, झोप मोजतं, श्वास मोजतं आणि मी फार वेळ लिहीत बसले की हाताला गुदगुल्या करून उठवतं. हे लिहितानाही त्यानं दोनदा उठवलं. मला त्याचा राग येत नाही. अण्णा असते तर त्यांना ते फार आवडलं असतं. फक्त त्यांनी पहिल्याच दिवशी एक शंका काढली असती, की हे आपल्याच हातावर बसून आपल्यालाच टीक मारतंय, मग ह्याला नियम कळला न्हाय.

नियमातली पळवाट अण्णांनीच शोधली होती, हे माझ्या लक्षात यायला बराच काळ गेला. महिन्याच्या शेवटी पाटीवरचं सगळं मी एका वहीत उतरवून घ्यायची आणि पाटी पुसायची. माझं अक्षर चांगलं म्हणून ते काम माझ्याकडे. एकदा वही चाळताना दिसलं, की अण्णांचे चार रकाने खऱ्या कामानं भरलेले होते. ते पळायचे, वाचायचे, नेटकं बोलायचे, स्वयंपाकात हात घालायचे. पण कलेत दर वेळी एकच गोष्ट, ‘कुंडीचं चित्र’. आणि नात्यांत ‘भाजीवालीच्या पोराची चौकशी केली’, ‘पोस्टमनला पाणी दिलं’. टीक सुधाकर मारायचा आणि सुधाकर टिका मारण्यात उदार होता.

त्याच सुमारास पोस्टानं एक लग्नपत्रिका आली. अण्णांचा धाकटा भाऊ, आमचा बाळूकाका, अक्कलकोटच्या पुढं सरहद्दीजवळच्या आमच्या मूळ गावी राहायचा. त्याच्या मुलीचं, रंजूचं लग्न होतं. सख्ख्या भावाला लग्नाचं सांगायला दारात यायची रीत; पत्रिका पोस्टानं पाठवली म्हणजे बोलावलं नाही म्हटल्यासारखंच. अण्णांनी पत्रिका वाचली, घडी घातली आणि म्हणाले, पोस्टानं आलेल्या पत्रिकेला आहेरही पोस्टानंच जाईल. रंजूसाठी लुगडं आणायला आईला सांगून ते कुंडीचं चित्र काढायला बसले.

बाळूकाका माझ्या फार आवडीचा होता. मी पाच-सहा वर्षांची असेपर्यंत तो महिन्याला आमच्याकडे यायचा, मला खांद्यावर बसवून गल्लीतून फिरवायचा आणि मला झोपवताना माझ्या पाठीवर बोटांनी ढोलकीचे ठेके वाजवायचा. मग तो यायचा थांबला. का, ते मला कुणी सांगितलं नव्हतं आणि आमच्या घरात वाकळांच्या ढिगाखाली झाकून ठेवलेली हार्मोनियमची पेटी का कधी उघडत नाही, हेही मी कधी विचारलं नव्हतं. पत्रिका आली त्या दिवशी आईला विचारलं. आई भाकरी थापत होती, थापतच तिनं सांगितलं. दोघा भावांची गाण्याची पार्टी होती. अण्णा पेटी वाजवून गायचे, काका ढोलकीवर. एका जयंतीला गावातच कार्यक्रम होता. गाणं रंगलं आणि तिसऱ्या कडव्यात अण्णा तालाच्या पुढं पळाले. काकानं दोनदा सावरून घेतलं, तिसऱ्यांदा ढोलकीवरचा हात उचलला आणि माईकमध्ये सगळ्या गावाला ऐकू जाईल असं म्हणाला, आदी ताल शिक, मग गा. गाव हसलं. अण्णांनी पेटी बंद केली आणि सकाळच्या पहिल्या एसटीनं आम्ही सोलापूरला आलो. त्याला नऊ वर्षं झाली होती. मधे आजी गेली, तेव्हाही दोघं एकाच मांडवात एकमेकांकडे पाठ करून बसले होते.

मी विचारलं, पण अण्णा खरंच चुकले होते का? आईनं पहिल्यांदा हात थांबवला. “चुकले व्हते की. त्यांचं तिसरं कडवं नेहमीच धावतं. आनंद झाला की त्यास्नी दम निघत न्हाय.” मग पुन्हा थापायला लागून ती म्हणाली, “पर बाळूनं गावात बोलायचं नव्हतं. आन आता ह्या लग्नाला हे गेले न्हाईत, तर पुढं दोघं एकमेकाच्या मैतालाबी जायचे न्हाईत, बघ तू.” लग्न तीन आठवड्यांवर आलं होतं. अण्णा गेले नाहीत तर माझा काका कायमचा गेला, हे मला त्या चुलीपाशी लख्ख कळलं.

तो आठवडा माझ्या वाणीचा होता. रविवारी सगळ्यांपुढं उभं राहून न अडखळता थोडा वेळ बोलायचं, असं मला काम होतं. विषय अण्णांनी दिला होता, ‘पाण्याचे महत्त्व’. मी उभी राहिले. पाण्याचं एक वाक्य बोलले आणि पुढचं सगळं विसरले. मग मी ओलं फडकं घेतलं, पाटीपाशी गेले आणि अण्णांच्या नात्यांच्या रकान्यातल्या सगळ्या टिका पुसून टाकल्या. मग फडकं हातातच ठेवून मी वळले.

“अण्णा, पोस्टमन आपल्या नात्यातला न्हाय. तुमी आमाला रोज सांगता, येत न्हाय ते करा. मी पळाले, आई नळावर गप्प बसली. तुमीच तेवढी एक कड वली ठेवली. बाळूकाकाची.”

मी एवढं बोलले हे मला आजही खरं वाटत नाही. आयुष्यात पुढं पस्तीसेक वर्षं मी शाळेत शिकवलं, वर्गावर वर्ग बोलले, पण त्या चार वाक्यांना जेवढं बळ लागलं तेवढं पुन्हा कधी लागलं नाही. अण्णांचा चेहरा उतरला, मग लाल झाला. ते उठले, पाटी खिळ्यावरून काढली, उलटी केली आणि पुन्हा टांगली. ‘शांतता पाळा’. आणि निघून गेले.

पुढचे तीन दिवस आमच्या घरात खरोखरच शांतता पाळली गेली. अण्णा कामावर जायचे, यायचे, जेवायचे, कुणाशी बोलायचे नाहीत. सुधाकरनं वर्तमानपत्र मनातल्या मनात वाचलं. आई तर नळावर इतकी मुकाट उभी राहायची की पद्मक्का पुन्हा काढा घेऊन आल्या. मी दोनदा माफी मागायला गेले आणि दोनदा दारातूनच परत फिरले. आपण बापाचा अपमान केला आणि काकाही परत आणला नाही, असं दुहेरी ओझं घेऊन मी फिरत होते. खोटं कशाला बोलू, एकदा असंही वाटलं की त्या पुस्तकाची उरलेली पाच प्रकरणंही वाळवीनं खायला हवी होती.

चौथ्या दिवशी सकाळी जाग आली ती एका विचित्र आवाजानं. कुणीतरी दमेकरी म्हातारा गाणं म्हणतोय असं वाटत होतं. बाहेर आले तर वाकळांचा ढीग बाजूला झालेला आणि अण्णा पेटीपुढं बसलेले. भाता उंदरांनी कुरतडला होता, त्यातून निम्मी हवा फुसफुसत बाहेर जायची. अण्णांनी माझ्याकडे बघितलं नाही. सुधाकरला हाक मारली आणि म्हणाले, उखळ घे, चटणी कूट, पर एकसारखी कूट, कमी न्हाय का जास्त न्हाय. सुधाकरला काही कळलं नाही, पण चटणी कुटायला त्याला कारण कधीच लागायचं नाही. धप, धप, धप असा ठोका पडू लागला आणि अण्णांनी गाणं धरलं. नऊ वर्षांनी मी त्यांचा गाण्याचा आवाज ऐकत होते. गोड, जरा नाकातला, उमेदीचा. पहिलं कडवं बरोबर, दुसरं बरोबर, आणि तिसऱ्यात डोळे मिटले, मान डोलायला लागली आणि अण्णा मुसळाच्या पुढं पळाले. चुलीपाशी बसलेल्या आईनं मागं न बघता अगदी गोड आवाजात म्हटलं, “हितंच चुकतं तुमचं.” अण्णा थांबले. म्हणाले, नऊ वर्षांत सांगितलं न्हाईस ते. आई म्हणाली, तवा माझी वाणी सुधारलेली नव्हती, सांगितलं असतं तर तुमी पेटीच फोडली असती. आणि मग अण्णा हसले. त्या घरातली ती शांतता संपली याचा मला जो आनंद झाला तो काय सांगू.

दोन आठवडे घरात रोज चटणी कुटली जात होती. अख्ख्या गल्लीला पुरून उरली. पद्मक्का आधी आवाजाबद्दल तक्रार करायला आल्या, मग वाटीभर चटणी घेऊन गेल्या, मग आपणहून दाणे घेऊन येऊ लागल्या. अण्णांनी भात्याला जुन्या गणवेशाचं कापड चिकटवलं. तिसरं कडवं दहा वेळा म्हणायचे, त्यात सहा वेळा जमायचं. लग्नाच्या आदल्या दिवशी आम्ही अक्कलकोटची एसटी धरली, सुधाकरच्या मांडीवर पेटी, आईच्या मांडीवर कडक भाकऱ्यांची चळत आणि माझ्या मांडीवर चटणीचा डबा. अक्कलकोटला गाडी बदलली. तिथून पुढं गाडीतलं बोलणं निम्मं कानडी झालं. अण्णा खिडकीतून बाहेर बघत बोटानं गजावर ठेका धरत होते. फाट्यावर उतरलो तेव्हा ते म्हणाले, जरा बसू या, आणि बाभळीखाली बसून राहिले. आईनं त्यांना पाणी दिलं. ती म्हणाली, तलावापर्यंत एकदम जायाचं न्हाय, पुढच्या खांबापर्यंत चला. अण्णा उठले.

दारापुढं मांडव पडला होता. हळद उरकली होती, ऊन कलतं झालं होतं आणि बायका जात्यापाशी बसून गाणी म्हणत होत्या. आम्हाला बघून गाणी बंद पडली. काकी पदर सावरत “बर्री, बर्री”, म्हणजे या, या, करत पुढं आली. ती सरहद्दीपलीकडच्या गावची, तिचं आदरातिथ्य कानडीतच असायचं. बाळूकाका मांडवाच्या खांबाला दोरी बांधत होता. केसांत पांढरं आलं होतं. त्यानं आमच्याकडे बघितलं, मग पेटीकडे बघितलं आणि हातातली गाठ परत परत आवळत राहिला. तो अण्णांशी बोलला नाही. माझ्याकडे बघून म्हणाला, “शकू का ही? लई उंच झाली की.” मी हो म्हणाले.

अण्णांनी पेटी सतरंजीवर ठेवली. पुस्तकातल्या नेटक्या वाणीचे धडे त्यांनी महिनोन्‌महिने गिरवले होते, पण त्यातलं एकही वाक्य त्यांना त्या वेळी सापडलं नाही. ते म्हणाले, “बाळू, ताल शिकून आलोय.”

काकाच्या हातातली दोरी सुटली. तो वळला आणि काहीही न बोलता घरात निघून गेला. अण्णा खाली बघत बसले. मला वाटलं, झालं, आता सकाळच्या पहिल्या गाडीनं परत. आईनं भाकऱ्यांची चळत पुन्हा मांडीवर ओढून घेतली, म्हणजे तिलाही तसंच वाटलं असावं. मग काका बाहेर आला. त्याच्या हातात ढोलकी होती. तिचं एका बाजूचं कातडं फाटून आत गेलं होतं, दोऱ्या ढिल्या पडल्या होत्या आणि वर कोळिष्टकं होती. ती अण्णांपुढं ठेवून तो म्हणाला, “मीबी त्या दिवसापासनं हात लावलेला न्हाय.”

दोघं भाऊ त्या फाटक्या ढोलकीकडे बघत राहिले. आता वाजवायचं कशावर? काकानं इकडंतिकडं बघितलं, पाण्याची रिकामी घागर ओढली, मांडीवर आडवी घेतली आणि बोटांनी तिचा आवाज चाचपून पाहिला. अण्णांनी भाता उघडला. खाकी ठिगळातून थोडी हवा गेलीच. गाणं सुरू झालं. पहिलं कडवं झालं, बायका जवळ सरकल्या. दुसरं झालं. मी सुधाकरकडे बघितलं, तर तो मांडीवर मुठीनं उखळ कुटत होता. तिसरं कडवं आलं. अण्णांनी डोळे मिटले, मान डोलली, चेहऱ्यावर तो सगळा आनंद आला आणि मला कळलं, दोन आठवड्यांची चटणी वाया गेली. अण्णा पळाले. घागरीच्या पुढं, तालाच्या पुढं, नऊ वर्षांपूर्वी पळाले होते तसेच.

काकाचा हात एक क्षण वर राहिला. मी आईचा हात घट्ट धरला. आणि मग तो हात खाली आला तो अण्णांच्या चालीनं. काकानं ताल सोडला आणि भाऊ पळेल तसा तोही त्याच्या मागं पळाला, हसत, घागरीवर बोटं नाचवत. अण्णा थबकले की तोही थबकायचा, अण्णा धावले की तोही धावायचा. ते गाणं कुठल्याच तालात बसत नव्हतं आणि तसं गाणं मी पुढं आयुष्यात ऐकलं नाही. गाणं संपल्यावर काका म्हणाला, “आजबी चुकलास.” अण्णा म्हणाले, “व्हय. चुकलो.” आणि दोघं एकमेकांच्या गळ्यात पडून रडले आणि हसले. काकी कानडीत कुणाला तरी चहा टाकायला सांगत होती आणि रंजू हळदीच्या अंगानं येऊन अण्णांच्या पाया पडली.

लग्न झाल्यावर पुढच्याच रविवारी बाळूकाका सोलापूरला आला. पाटी पुन्हा काळ्या बाजूनं टांगलेली होती. आम्ही त्याला सगळा खेळ समजावून सांगितला, रकाने, नियम, टीक दुसऱ्यानं मारायची ते. सुधाकरनं अण्णांच्या कलेच्या रकान्यात टीक मारायला खडू उचलला, तर अण्णांनीच त्याचा हात धरला. म्हणाले, ताल चुकला, तिथं न्हाय. मग काकानं खडू घेतला आणि नात्यांच्या रकान्यात, मी पुसलेल्या जागी, मोठी वाकडी टीक मारली. इतकी मोठी, की ती शेजारच्या ‘घर’ या रकान्यातही गेली.

पाटी आता माझ्या स्वयंपाकघरात आहे. त्या घरातली माणसं एकेक करून गेली, सुधाकर आणि मी उरलो. तो अजून वर्तमानपत्र मोठ्यानं वाचतो. पुढची कित्येक वर्षं महिन्याच्या शेवटी पाटी पुसायचं काम माझ्याकडेच होतं, आणि दर वेळी मी त्या टिकेच्या कडेकडेनं फडकं फिरवायची. एकदा अण्णांनी बघितलं आणि विचारलं, ते एवढं कशाला ठेवतेस? मी म्हणाले, तिथली कड अजून वली असंल, वाळू दे. दुसऱ्या दिवशी मी उठले तर खडू फिका पडलेल्या जागी कुणीतरी तीच टीक पांढऱ्या रंगानं, हात न हलू देता, पुन्हा गिरवून ठेवली होती.